वॉरंटी सुट्या भागाची. वेळेची जबाबदारी कोणाची?

नवी दिल्ली : संगणकाचा पडदा बिघडला तर दुसरा जोडून काम भागवता येते. कळफलक शेजाऱ्याकडूनही आणता येतो. मात्र मदरबोर्ड निकामी झाला की संगणक पूर्णपणे थांबतो. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क आणि वीजपुरवठा हे सारे ज्या एका फलकावर एकत्र येतात, तो फलकच मृत झालेला असतो. त्यामुळे वॉरंटीच्या काळात मदरबोर्ड बदलून मिळणे हा केवळ काही हजार रुपयांचा प्रश्न राहत नाही. घरातून लेखापालन, मुद्रणपूर्व कामे किंवा शिकवण्या चालवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तो थांबलेल्या उत्पन्नाचाही प्रश्न असतो.

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस ही देशातील संगणकांच्या सर्वात मोठ्या बाजारपेठांपैकी एक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे चित्र नवे वाटणार नाही. अरुंद दुकाने, सुट्या भागांचे ढीग आणि दुपारपर्यंत संगणक जोडून देण्याची तयारी, असे या बाजाराचे स्वरूप आहे. राजधानी परिसरातील नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरीदाबाद येथील ग्राहकही येथेच खरेदी करतात. विक्री काही मिनिटांत आटोपते. तोच मदरबोर्ड वर्ष-दीड वर्षाने बंद पडल्यावर मात्र ग्राहकाला दिवसांचा आणि कधी आठवड्यांचा हिशेब करावा लागतो.

जबाबदारीची लांब साखळी

मदरबोर्डच्या बाजारातील असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि ॲसरॉक ही चारही प्रमुख नावे तैवानच्या कंपन्यांची आहेत. त्यांचा माल आयातदार वा राष्ट्रीय वितरकामार्फत घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून दुकानात येतो. वॉरंटीचा प्रवास याच वाटेने उलट दिशेने होतो. दुकानदार ग्राहकाला सेवा केंद्राकडे पाठवतो. सेवा केंद्र अनेकदा कंपनीचे नसून तिने नेमलेल्या दुसऱ्या संस्थेचे असते. बदली फलकाचा साठा तेथे नसेल तर मागणी वितरकाकडे जाते. प्रत्येक टप्प्यावर उत्तर एकच मिळते, ते म्हणजे ‘वरून येईल तेव्हा कळवू’.

सुटे मदरबोर्ड साधारणतः तीन वर्षांच्या वॉरंटीसह विकले जातात. मात्र बदली फलक किती दिवसांत मिळेल, याचे बांधील आश्वासन वॉरंटीच्या कागदावर क्वचितच आढळते. बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार बदली फलक नवाच असेल असेही नाही. दुरुस्त केलेला किंवा समतुल्य फलक देण्याची मुभा कंपनी राखून ठेवते. त्यावर नवी वॉरंटीही सहसा सुरू होत नाही. मूळ वॉरंटीचा उरलेला काळच लागू राहतो. म्हणजे सेवा केंद्रात गेलेले दिवस ग्राहकाच्याच खात्यातून वजा होतात.

दोष कोणाचा, हे ठरवायचे कोणी?

वादाचे पहिले कारण निदानाचे आहे. संगणक सुरू होत नाही एवढेच ग्राहकाला दिसते. दोष मदरबोर्डचा, प्रोसेसरचा, मेमरीचा की वीजपुरवठ्याचा, हे ठरवण्यासाठी प्रत्येक भाग बदलून पाहावा लागतो. असे पर्यायी भाग सामान्य घरात नसतात. प्रत्येक भागाची कंपनी वेगळी असल्याने एकीने दुसरीकडे बोट दाखवणे सोपे जाते.

असे बोट दाखवणे जागतिक पातळीवरही घडते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील प्रोसेसरच्या अस्थिरतेबाबत तक्रारी वाढल्या, तेव्हा आरंभी मदरबोर्ड उत्पादकांच्या वीजविषयक मांडणीकडे संशयाने पाहण्यात आले. पुढे २०२४ मध्ये प्रोसेसरला अयोग्य व्होल्टेज मिळण्यामागे खुद्द प्रोसेसरच्या मायक्रोकोडमधील दोष असल्याचे इंटेलने मान्य केले आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तज्ज्ञांनाही दोषाचे मूळ शोधण्यास महिने लागत असतील, तर एकट्या ग्राहकाकडून ते सिद्ध करण्याची अपेक्षा किती रास्त, हा प्रश्न उरतो.

दुसरे कारण ‘फिजिकल डॅमेज’ या शेऱ्याचे आहे. पूर्वी सूक्ष्म पिना प्रोसेसरवर असत. इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ हे सॉकेट आणल्यापासून त्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये आल्या. एएमडीनेही २०२२ मध्ये एएम ५ सॉकेटद्वारे घरगुती संगणकांसाठी हीच रचना स्वीकारली. या पिना किंचित वाकल्या तरी वॉरंटी नाकारली जाऊ शकते. पिना संगणक जोडताना वाकल्या, ग्राहकाने फलक काढताना वाकल्या, की सेवा केंद्राच्या टेबलावर, हे नंतर सिद्ध करणे अवघड असते. फलक स्वीकारताना त्याचे छायाचित्र घेऊन दोन्ही बाजूंची सही घेतली, तर या वादाचा मोठा भाग तेथेच मिटू शकतो. तशी सक्ती मात्र नाही.

आयात कोणाची, वॉरंटी कोणाची?

तिसरे कारण मालाच्या वाटेचे आहे. अधिकृत वितरकाला वगळून परदेशातून आणलेला अस्सल माल दिल्लीच्या बाजारात बराच काळ विकला जात आहे. किंमत कमी असते, पण भारतातील सेवा केंद्र वॉरंटी नाकारू शकते. या प्रश्नाने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले ते सॅमसंगच्या प्रिंटरच्या निमित्ताने. ‘कपिल वाधवा विरुद्ध सॅमसंग’ या प्रकरणात खंडपीठाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी अशी समांतर आयात बेकायदा नसल्याचा निर्णय दिला. त्याचबरोबर विक्रेत्यांनी दुकानात ठळक फलक लावावा, असेही बजावले. माल आयात केलेला आहे, सॅमसंग त्याची वॉरंटी देत नाही आणि वॉरंटी व विक्रीपश्चात सेवेची जबाबदारी विक्रेत्याची आहे, हे त्या फलकावर स्पष्ट असावे, असा हा आदेश होता. स्वस्त माल विकण्याचा हक्क मान्य झाला, पण त्याच्या मागची जबाबदारी लपवण्याचा नाही, असा त्याचा अर्थ होतो.

याच प्रश्नाची दुसरी बाजू भारतीय स्पर्धा आयोगापुढे आली. इंटेलने २०१६ मध्ये भारतापुरते वेगळे वॉरंटी धोरण आणले. खोक्यात सुटे विकले जाणारे प्रोसेसर भारतातील अधिकृत वितरकाकडून घेतले असतील तरच येथे वॉरंटी मिळेल, असे ते धोरण होते. एका आयातदार कंपनीच्या तक्रारीवरून आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२६ मध्ये हे धोरण म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर ठरवून आयोगाने इंटेलला सुमारे २७ कोटी रुपयांचा दंड केला. तोपर्यंत कंपनीने ते धोरण मागे घेतले होते. मधल्या काळात ज्यांचे दावे नाकारले गेले असतील, त्यांच्या वॉरंटीची मुदत मात्र निकालाची वाट पाहत थांबली नव्हती.

कायदा काय देतो?

ग्राहक चळवळीची महाराष्ट्राला जुनी परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम १९७० च्या दशकात सुरू झाले, तेव्हा देशात स्वतंत्र ग्राहक कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला.

राजधानी परिसरातील ग्राहकासाठी नव्या कायद्यातील सर्वात उपयुक्त बदल अधिकारक्षेत्राचा आहे. जुन्या कायद्यानुसार विक्रेता जेथे व्यवसाय करतो किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले, तेथेच तक्रार करावी लागे. नोएडात राहणारा ग्राहक उत्तर प्रदेशात, दुकान दिल्लीत, कंपनीचे भारतीय कार्यालय तिसऱ्याच राज्यात आणि कारखाना परदेशात, अशा स्थितीत ही अट जाचक ठरत असे. आता ग्राहकाला स्वतःच्या राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार घरबसल्या ऑनलाइनही दाखल करता येते आणि त्यासाठी वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते.

संगणकाचा उपयोग उपजीविकेसाठी होतो म्हणून ग्राहक हा दर्जा जात नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूची मानलेली नाही. बिल न देणे ही नव्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाळली जाण्याची वाजवी शक्यताच नसलेली वॉरंटी जाहीर करणेही त्यातच मोडते. दोष सिद्ध झाल्यास आयोग दुरुस्ती, बदली, परतावा आणि नुकसानभरपाई यांपैकी आदेश देऊ शकतो.

अडचण येते ती ‘दोष सिद्ध झाल्यास’ या शब्दांपाशी. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो. तिने ४५ दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते आणि तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराकडून भरून घेता येते. तक्रारीच्या निकालासाठी कायद्याने तीन महिने, आणि तपासणी लागल्यास पाच महिने, असे उद्दिष्ट ठरवले आहे. प्रत्यक्षात देशभरातील ग्राहक आयोगांपुढे लाखो प्रकरणे प्रलंबित आहेत. दहा हजार रुपयांच्या मदरबोर्डसाठी इतका काळ थांबणे अनेकांना परवडत नाही. ते बाजारातून दुसरा फलक विकत घेतात आणि वॉरंटीचा प्रश्न न्यायाने नव्हे, तर थकव्याने मिटतो.

त्यामुळे वादपूर्व तडजोडीचे महत्त्व वाढते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठीसह १७ भाषांत उपलब्ध आहे. हेल्पलाइनला निवाड्याचा अधिकार नाही, पण तक्रार थेट कंपनीपुढे ठेवली जाते आणि तिची नोंद राहते. बिल, खोक्यावरील आणि फलकावरील अनुक्रमांक, सेवा केंद्राची तारीखवार पावती आणि नकाराचे लेखी कारण एवढी कागदपत्रे हाती असली, तर ग्राहकाची बाजू बरीच भक्कम होते.

जगाचा अनुभव

कंपनीने दोष मान्य केला की हीच साखळी किती वेगाने हलते, हे ३१ जानेवारी २०११ नंतर दिसले. इंटेलने आपल्या ६ मालिकेतील चिपसेटमध्ये दोष असल्याचे त्या दिवशी जाहीर केले. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च सुमारे ७० कोटी डॉलर राहील असा अंदाजही दिला. जगभरातील मदरबोर्ड कंपन्यांनी असे फलक परत घेण्याची व्यवस्था केली. त्यापूर्वी २००५ मध्ये डेल कंपनीने सदोष कपॅसिटरमुळे बिघडणाऱ्या संगणकांच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलरची तरतूद केली होती. दोष सर्वांचा असला की तो कंपनीचा प्रश्न होतो. एकट्याचा असला की तो ग्राहकाचाच राहतो.

युरोपीय संघाने ही विषमता कमी करण्याचा मार्ग स्वीकारला आहे. तेथे जबाबदारी प्रथम विक्रेत्याची असते. किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी मिळते. पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते, आणि दुरुस्ती किंवा बदली वाजवी मुदतीत, ग्राहकाला मोठा त्रास न होता करावी लागते. २०२४ च्या नव्या निर्देशानुसार ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर हमी एक वर्षाने वाढते. अमेरिकेत संघीय व्यापार आयोगाने जुलै २०२४ मध्ये गिगाबाइट, ॲसरॉक आणि झोटॅक यांना इशारा दिला. वस्तू उघडल्यास वॉरंटी रद्द होईल, असे सांगणारे स्टिकर बेकायदा ठरू शकतात, असे त्यात नमूद होते.

पुढचे पाऊल

भारतातही हालचाल सुरू आहे. ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे संकेतस्थळ सुरू झाले. वस्तू किती सहज दुरुस्त होते हे दर्शवणाऱ्या निर्देशांकासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती स्थापन झाली. तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. सुटे भाग वाजवी मुदतीत मिळणे हा या निर्देशांकाचा एक निकष आहे. त्याचा आरंभीचा भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे. ग्राहक स्वतः निवडून जोडत असलेल्या संगणकाच्या सुट्या भागांचा विचार त्यात अद्याप केंद्रस्थानी नाही.

येथे फार मोठ्या सुधारणेची गरज नाही. फलक स्वीकारताना त्याच्या स्थितीची नोंद, नकार दिल्यास लेखी कारण, बदलीसाठी जाहीर कालमर्यादा आणि सेवा केंद्रात गेलेल्या दिवसांएवढी वॉरंटीत वाढ, एवढ्या चार गोष्टी बंधनकारक केल्या तरी बहुसंख्य तक्रारी आयोगापर्यंत जाणार नाहीत. त्यांचा खर्चही कंपन्यांना न पेलणारा नाही.

दोष कोठे आणि जबाबदार कोण, या प्रश्नांना कायद्याने आणि न्यायालयांनी बऱ्याच अंशी उत्तर दिले आहे. ते उत्तर किती दिवसांत मिळावे, हे मात्र अजून कोणीही ठरवलेले नाही. तीन वर्षांची वॉरंटी घेऊन बाजारातून बाहेर पडणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने त्या कागदाचे खरे मोल याच एका उत्तरावर अवलंबून आहे.