थर्मामीटर साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे

थंडीच्या दिवसांत आमच्या बेलूर-धारवाडकडे पहाटे घोंगडी सोडवत नाही. अशाच एका थंडीत बेलूरमधील एका शेतकरी भगिनीने रोज सकाळी काखेत थर्मामीटर लावून आकडा वहीत लिहायला सुरुवात केली. तिला थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी नुकतीच सुरू झाली होती. अंग गार असेल तर गोळी कमी पडते, असे कोणीतरी तिला सांगितले होते. आकडा रोज ९७ अंश फॅरनहाइटच्या खालीच. दहा-बारा दिवसांनी तिने कोणालाही न विचारता एकाऐवजी दोन गोळ्या घेणे सुरू केले. दोन महिन्यांनी छाती धडधडू लागली, झोप उडाली, हात कापू लागले, मिरची तोडायला रानात उभे राहवेना. रक्त तपासले तेव्हा औषध जास्त झाल्याचे कळले. पुढे असेही कळले की ही बाई गोठा झाडून, गार पाण्याने भांडी घासून मग थर्मामीटर लावत होती!

तिला हसण्याचे कारण नाही. तिच्या समजुतीत खऱ्याचा अंश आहे. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा रस शरीराच्या शेगडीला वारा घालतो. तो कमी पडला की थंडी सोसत नाही, अंग जड होते, वजन वाढते, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते. अमेरिकेतील डॉ. ब्रोडा बार्न्स यांनी १९४२ साली पहाटेच्या तापमानावरून हा आजार ओळखावा असे मांडले आणि १९७६ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. अंथरुणातून उठण्यापूर्वी काखेतील तापमान ९७.८ ते ९८.२ च्या दरम्यान असावे, हा त्यांचाच हिशेब. तो आजही तोंडोतोंडी फिरतो.

परंतु तापमान एकट्या थायरॉईडचे ऐकत नाही. पहाटे ते सर्वांचेच कमी असते व दुपारनंतर चढते. काखेतील आकडा तोंडातील आकड्यापेक्षा कमी येतो. स्त्रियांचे तापमान महिन्याच्या उत्तरार्धात अर्धा अंश किंवा थोडे अधिक वाढते. अपुरी झोप, उपास, सर्दी, गार हवा या सर्वांनी आकडा हलतो. काळ्या रानात वरची ढेप सुकली म्हणून शहाणा शेतकरी लगेच पाणी सोडत नाही. तो वीतभर उकरतो आणि माती मुठीत दाबून पाहतो. थायरॉईडच्या बाबतीत ही मुठीतली माती म्हणजे टी. एस. एच. ची रक्ततपासणी. गोळीची मात्रा ठरवायची ती प्रामुख्याने तिच्यावरून.

आणि तीही घाईने नव्हे. ही गोळी शरीरात सावकाश मुरते. आज घेतलेल्या मात्रेतील निम्मी सुमारे सात दिवसांनीही शरीरात असते. म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून रक्त तपासतात. युरिया टाकून दुसऱ्या दिवशी पान हिरवे झाले नाही म्हणून आपण पुन्हा पोते फोडत नाही. मग स्वतःच्या शरीरावर तो प्रयोग का?

ही मात्रा किती सूक्ष्म असते पाहा. १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन प्रथम स्फटिकरूपात वेगळे केले. पुढे सुमारे ३ टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांना अवघे ३३ ग्रॅम मिळाले. पण तेवढ्यात ५० मायक्रोग्रॅमच्या साडेसहा लाखांहून अधिक गोळ्या झाल्या असत्या! अशा औषधाची मात्रा मनानेच दुप्पट करणे हा खेळ नव्हे. जास्त औषधाने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडे ठिसूळ होतात. उतारवयात हा धोका अधिक.

मग वही फेकून द्यावी का? आमचे मत तसे नाही. वही जरूर ठेवावी. उठण्यापूर्वी, ठरलेल्या वेळी, त्याच काखेत तापमान घ्यावे. शेजारी नाडीचे ठोके, आठवड्याचे वजन, झोप, पोट व पाळीची तारीख लिहावी. गोळी कधी चुकली तेही लिहावे. ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी. डॉक्टरांनाही आमची नम्र विनंती आहे की त्यांनी ती न चाळता बाजूला सारू नये. तपासणी ठीक असूनही रोग्याला थकवा असेल, तर रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता असे दुसरे कारण शोधायला ही वही उपयोगी पडेल.

मात्रा वाढवण्यापूर्वी गोळी नीट घेतली जाते का, हे आधी पाहावे. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. नंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध नको. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. आपल्या भागात सोयाबीन पिकते. त्याचे पीठ गोळीबरोबरच पोटात गेले तर औषध कमी शोषले जाते. बाटली चुलीजवळ वा उन्हात ठेवू नये.

रविवारी ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या उपवासासाठी काही जण गोळी टाळतात. त्याची मुळीच गरज नाही. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे पाणी व औषध यांनी तासाभराचा तो उपवास मोडत नाही.

काही वेळा मात्र सहा आठवडे थांबू नये. गोळी चालू असताना दिवस गेले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते. छातीत धडधड वा दुखणे सुरू झाल्यास दाखवावे. थायरॉईडचा वृद्ध रोगी गुंगीत जाऊन त्याचे अंग थंडगार पडले व आकडा ९५ च्या खाली गेला, तर वही बंद करून सरळ इस्पितळ गाठावे.

त्या भगिनीची मात्रा आता बसली आहे. वही ती अजूनही लिहिते. फरक एवढाच की गोळीचा निर्णय ती आता वहीवर सोपवीत नाही. थर्मामीटरने साक्ष द्यावी, निकाल रक्ताच्या तपासणीने व डॉक्टरांच्या विचाराने लागावा. घरात ज्यांना ही गोळी चालू आहे, त्यांना आज एवढे जरूर वाचून दाखवा.