शेजाऱ्याला अपील नाही!

मंडळी, एक साधा प्रश्न. तुमच्या सोसायटीला लागून असलेला प्लॉट निवासी झोनमध्ये आहे. उद्या तिथे मंगल कार्यालयाला परवानगी मिळाली, तर दाद कुठे मागाल? बहुतेक जण म्हणतील, महापालिकेत अर्ज देऊ. द्या की! पोच मिळेल, शिक्का मिळेल. अपील मात्र होणार नाही.

आपल्याकडे हा कारभार १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यावर चालतो (सरकारदरबारी 'एमआरटीपी'). त्याचं कलम ४७ अपिलाचं. परवानगी नाकारली किंवा अटी घालून दिली, तर निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. छान! पण कोणाला? तर 'अर्जदाराला'. म्हणजे ज्याला बांधायचंय त्याला. ज्याच्या खिडकीसमोर बांधणार, ज्याचा उजेड, रस्ता आणि झोप जाणार, तो या कलमाच्या लेखी अस्तित्वातच नाही. दिवाणी कोर्टात जावं, तर कलम १४९ आडवं येतं. उरतं थेट हायकोर्ट. पेन्शनीत गेलेल्या माणसाने गच्चीवरच्या लॉनसाठी नाही, तर रात्रीच्या झोपेसाठी रिट करायची!

यावर ठरलेलं उत्तर असतं : "विकास आराखडा करताना हरकती मागवतो ना आम्ही!" मागवतात, खरंय. प्रारूप आराखडा राजपत्रात येतो, महिना-दोन महिन्यांची मुदत असते, मग कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते. आणि हरकतींनी काही होत नाही असंही नाही. मुंबईचा २०१५ सालचा प्रारूप आराखडा चुकांनी इतका भरलेला निघाला, की लोकांच्या ओरड्यानंतर त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करायला सांगावा लागला.

पण मुद्दा वेगळाच आहे. आराखडा वीस वर्षांचा, नकाशात तुमची इमारत नखाएवढी, आणि राजपत्र कोणाच्या घरी येतं हो? शिवाय तेव्हा त्या प्लॉटवर काय येणार हे कोणालाच ठाऊक नसतं. हरकत नकाशावर घ्यायची, त्रास मात्र पुढे केव्हातरी दिलेल्या परवानगीचा. त्या परवानगीच्या वेळी तुम्हाला कोणी विचारतही नाही.

आता आपले जे नातेवाईक न्यू जर्सीत आहेत, त्यांच्याकडची तऱ्हा बघा. तिथल्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे झोनच्या नियमातून सूट हवी असेल, तर अर्जदाराने २०० फुटांतल्या प्रत्येक मालमत्ताधारकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यायची. हातात किंवा सर्टिफाइड टपालाने. शेजारी सुनावणीत बोलू शकतो, अर्जदाराच्या साक्षीदारांना प्रश्न विचारू शकतो. झोनमध्ये न बसणारा वापर हवा असेल, तर सातजणांच्या झोनिंग बोर्डात पाच मतं लागतात. तरीही मंजुरी मिळाली, तर निर्णय प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत शेजारी सुपिरियर कोर्टात जाऊ शकतो. (तिकडच्यांनी एक लक्षात ठेवावं : जज नव्याने पुरावे घेत बसत नाहीत, बोर्डापुढे जे नोंदलं गेलं तेच बघतात. तेव्हा सुनावणीतच सगळं बोलून घ्या.)

"असं केलं तर आपल्याकडे सगळी कामं रखडतील," हा पुढचा आक्षेप. का बरं? बिल्डरच्या ४० दिवसांच्या अपिलाने विकास थांबत नाही, मग शेजाऱ्याच्याच ४० दिवसांनी कसा थांबेल? मुदत ठरवा, हरकत नियमांना धरूनच हवी अशी अट घाला. रिकामटेकडे आपोआप गळतील.

कायदा बदलेपर्यंत हातात आहे तेवढं तरी करूया. शेजारच्या प्लॉटचा झोन दाखला आणि भाग नकाशा आजच काढून ठेवा. झोन बदलायचा तर कलम ३७ खाली सूचना काढून महिनाभर हरकती मागवाव्या लागतात, तिच्यावर डोळा ठेवा. हरकत लेखी द्या, सिटी सर्व्हे नंबर घाला, नियम कुठे मोडतो ते लिहा, 'प्रत्यक्ष सुनावणी हवी' असं स्पष्ट म्हणा आणि पोच घ्या. नुसतं 'आम्हाला त्रास होईल' लिहून भागत नाही. परवानगी दिली गेली असेल, तर माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा आणि टिपणी मागा. आणि हायकोर्टात जायचंच असेल, तर जोत्यापर्यंत काम येण्याआधी जा. पाचवा मजला चढल्यावर कोर्ट पहिला प्रश्न विचारतं, इतके दिवस काय करत होता?

मागणी फार मोठी नाहीये. परवानगीच्या अर्जाची नोटीस लगतच्या घरांना द्या, आणि कलम ४७ मध्ये 'अर्जदार' या शब्दापुढे 'किंवा बाधित शेजारी' एवढे तीन शब्द घाला. बांधणारा बांधून, विकून निघून जातो. शेजारी तिथेच राहतो.