योगग्रंथांचे अध्ययन आणि इंद्रायणीचे पाणी

योगाभ्यासासाठी जागा शुद्ध असावी, एवढेच गीतेचा सहावा अध्याय सांगतो. १२९० साली नेवासे येथे त्या अध्यायावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी या एका विशेषणाचा केवढा तरी विस्तार केला. जागा अशी असावी की, बसलेल्याला तेथून उठावेसे वाटू नये. वृक्षांची दाट छाया असावी, वर्दळ नसावी आणि पावलोपावली पाणी असावे, तेही पावसाळ्यात सुद्धा निर्मळ राहणारे. ‘हठप्रदीपिके’चा कर्ता स्वात्माराम हाही आसनांकडे वळण्यापूर्वी साधकाची कुटी कोठे असावी हे सांगतो. तेथे राज्यकारभार चांगला असावा, भिक्षा सहज मिळावी, उपद्रव नसावा, अशी त्याची अपेक्षा आहे. तात्पर्य, घरापासून दूर राहून योग शिकावा ही कल्पना आजच्या शिबिरांनी काढलेली नव्हे. ती मूळ ग्रंथांतच आहे, आणि तिच्याबरोबर काही अटीही आहेत. आज या अटींचे काय झाले आहे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून मान्य केला. त्यानंतर योगाच्या निवासी शिबिरांना मोठाच बहर आला. पुण्याच्या आसपासच्या डोंगराळ भागात शनिवार-रविवारची शिबिरे भरतात. योगशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एका नोंदणी संस्थेने रूढ केलेले दोनशे तासांचे प्रमाण आता ऋषिकेशपासून गोव्यापर्यंत चालते. ते तास महिनाभरात पुरे करता येतात. या शिबिरांची टवाळी करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. चाकणच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या माणसाला दोन दिवसांची विश्रांती आणि चार आसनांची ओळख मिळाली, तर त्यात त्याचे हितच आहे. आक्षेप एवढाच की, या विश्रांतीला ‘शास्त्राचे अध्ययन’ असे नाव दिले जाते. आणि अध्ययनाला लागणारा वेळ मात्र कोणी देत नाही.

ग्रंथ वाचल्यावाचून काय निसटते, हे थोड्या आकड्यांवरूनही दिसेल. पतंजलीच्या योगसूत्रांची संख्या १९५ आहे, काही पाठांत १९६. त्यांपैकी आसनासंबंधीची सूत्रे अवघी तीन. पंधराव्या शतकातील ‘हठप्रदीपिका’ पंधरा आसनांचे वर्णन करते, त्यानंतरची ‘घेरंडसंहिता’ बत्तीस. आणि पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ मधील इंग्रजी ग्रंथात ही संख्या दोनशेवर जाते. आज योगवर्गांत सर्रास घातला जाणारा सूर्यनमस्कार तर या जुन्या ग्रंथांत व्यायाम म्हणून येतच नाही. त्याचा महाराष्ट्रात प्रसार केला तो औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, विसाव्या शतकात. ही वाढ म्हणजे भ्रष्टता नव्हे. जिवंत विद्या वाढतेच. परंतु प्राचीन कोणते आणि अर्वाचीन कोणते हे ज्याला कळत नाही, तो योगाच्या नावाने सांगितलेली कोणतीही गोष्ट खरी मानील.

महाराष्ट्राचे भाग्य असे की, या अध्ययनाच्या दोन गंभीर परंपरा एकाच नदीच्या काठी आहेत. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते. त्याच लोणावळ्यात जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले. उड्डियान आणि नौली करताना पोटातील दाबात काय फरक पडतो, हे त्यांनी उपकरणे लावून मोजले. पुढे या संस्थेने ‘हठप्रदीपिके’ची चिकित्सक आवृत्तीही १९७० मध्ये काढली. ग्रंथ आणि प्रयोग ही तेथील अभ्यासाची दोन चाके होत.

हीच नदी देहूवरून खाली आळंदीला येते. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली त्या या गावी विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. अभ्यासक्रम चार वर्षांचा. विद्यार्थ्याने गावात राहावे, माधुकरी मागावी आणि गुरूसमोर बसून ज्ञानेश्वरी ओवीमागून ओवी लावावी, अशी येथील रीत. जोगांचे शिष्य सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते, ही गोष्ट ही परंपरा आणि विद्यापीठीय शिक्षण यांत मुळात वैर नाही हे दाखविण्यास पुरेशी आहे.

यावर कोणी म्हणेल की, वारकऱ्यांना योगाशी काय कर्तव्य? बाराव्या अध्यायात ज्ञानेश्वरच योगमार्गाचे कष्ट वर्णून भक्तीची वाट सुगम ठरवितात. आणि सिद्धीच्या जोरावर मिरविणाऱ्या चांगदेवाचा गर्व उतरल्याची कथा आळंदीत घरोघर सांगितली जाते. हे खरेच आहे. तथापि ज्ञानेश्वर स्वतः नाथपरंपरेतले. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांना हा वारसा मिळाला. सहाव्या अध्यायातील मूळबंध, जालंधर, ओढियाणा आणि कुंडलिनी यांचे वर्णन ‘हठप्रदीपिके’हून सुमारे दीडशे वर्षांनी जुने आहे, आणि ते मराठीत आहे. योगाची मर्यादा सांगणारा हा ग्रंथकार तो मार्ग आतून जाणत होता. म्हणूनच त्याचे वाचन श्रद्धाळूइतकेच चिकित्सकालाही उपयोगी पडेल.

मात्र ज्या जागेच्या अटीपासून हे ग्रंथ आरंभ करतात, ती आळंदीतच आज मोडली आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या औद्योगिक वाढीचे सांडपाणी इंद्रायणीत येते, आणि गेल्या काही वर्षांत आळंदीच्या घाटाशी नदी पांढऱ्या फेसाने भरलेली अनेकदा दिसली. पतंजलीने सांगितलेल्या पाच नियमांत पहिला नियम शौच आहे. तो पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने स्नान मात्र या पाण्यात करावे, ही विसंगती त्याच्या गुरूला दूर करता येणारी नाही. ती महापालिकेने, कारखानदारांनी आणि प्रदूषण नियंत्रणाची जबाबदारी असलेल्या शासनानेच दूर केली पाहिजे. दुसरा प्रश्न उपद्रवाचा. आळंदीत अलीकडे मुलांना ठेवून घेणाऱ्या खासगी संस्था पुष्कळ झाल्या. त्यांपैकी काहींतून छळाच्या तक्रारी आल्यामुळे प्रशासनाला लक्ष घालावे लागले. निवासी शिक्षणात मूल चोवीस तास शिक्षकाच्या हाती असते. तेव्हा नोंदणी आणि नियमित तपासणी ही परंपरेवर घातलेली शंका नव्हे, तिचे संरक्षण होय.

करण्याजोगी आणखी एक गोष्ट फारशी खर्चाची नाही. शाळा-महाविद्यालयांच्या उन्हाळी सुटीत शिक्षकांसाठी, रजा काढू शकणाऱ्या नोकरदारांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आळंदीत पंधरा-वीस दिवसांचा निवासी वर्ग भरवावा. सकाळी आसन-प्राणायाम, दुपारी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आणि त्याच्या जोडीला योगसूत्रे व ‘हठप्रदीपिका’, एवढाच कार्यक्रम असावा. आळंदीने ओवी लावून दाखवावी, लोणावळ्याने बंधाचा शरीरावरील परिणाम समजावून द्यावा. विद्यापीठाने दोहोंना एकत्र आणावे. प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. पंधरा दिवसांनी कोणी योगी होणार नाही हे उघडच आहे. पण परत गेलेला शिक्षक वर्गात २१ जूनला मुलांकडून हातपाय हलवून घेताना ते का हलवावयाचे, हेही सांगू शकेल.

शिकविणारे आहेत, ग्रंथ आहेत, गावही आहे. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या भाष्यकाराने मागितलेले स्वच्छ पाणी तेवढे त्या गावाला परत दिले पाहिजे.