फिक्स्चर कॉम्प्युटरला शिव्या देऊ नका

एप्रिल आला की स्कॉटलंडमध्ये एक भांडण ठरलेलं असतं. फुटबॉल लीगच्या शेवटच्या पाच मॅचेसचं वेळापत्रक जाहीर होतं आणि कुठल्यातरी क्लबचे चाहते बोंब मारतात. आम्हालाच घरच्या मैदानावर एक मॅच कमी का? त्याच टीमकडे यंदा तिसऱ्यांदा आम्हीच का जायचं? मग सगळे मिळून फिक्स्चर काढणाऱ्या कॉम्प्युटरच्या नावाने खडे फोडतात. मी त्याच धंद्यातला असल्यामुळे असेल, पण त्या बिचाऱ्याची बाजू घ्यायला कुणीतरी हवं असं मला वाटतं. त्याला जो प्रश्न सोडवायला दिलाय, त्याला उत्तरच नाहीये.

आपल्याकडे रात्री जागून प्रीमियर लीग बघणाऱ्यांना हा घोळ माहीत नसतो, कारण तिथे तो नाहीच. २० टीम्स, प्रत्येकाशी एक मॅच घरी, एक बाहेर, एकूण ३८. विषय संपला. स्कॉटलंडच्या वरच्या लीगमध्ये १२ टीम्स आहेत. दोनदा खेळले तर २२ मॅचेस होतात, म्हणजे फार कमी. चारदा खेळले तर ४४, म्हणजे फार जास्त (हा प्रयोग त्यांनी ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात करून पाहिलेला आहे). म्हणून २०००-०१ च्या हंगामापासून त्यांनी मधला मार्ग काढला. प्रत्येकाने प्रत्येकाशी तीनदा खेळायचं, ३३ मॅचेस. मग टेबलचे दोन तुकडे करायचे, वरचे सहा आणि खालचे सहा, आणि आपापल्या गटात आणखी पाच मॅचेस. ३३ अधिक ५, ३८. याला तिकडे नुसतं 'स्प्लिट' म्हणतात.

आता गंमत बघा. तीन मॅचेस म्हणजे एकाच्या मैदानावर दोन आणि दुसऱ्याच्या मैदानावर एक. स्प्लिटनंतरची चौथी मॅच उलट्या मैदानावर झाली की २-२ अशी फिटंफाट. पण कुठली टीम कुठल्या गटात जाणार हे ऑगस्टमध्ये कुणाला ठाऊक?

एक टीम घ्या. तिला ११ प्रतिस्पर्धी. समजा त्यातले सहाजण तिच्या मैदानावर दोनदा आले आणि उरलेले पाच एकदाच. म्हणजे ३३ पैकी १७ मॅचेस घरी. आता एप्रिलमध्ये तिच्या गटात जे पाचजण आले, ते नेमके त्या 'दोनदा आलेल्या' सहांपैकीच निघाले तर? फिटंफाट करायची तर पाचही मॅचेस बाहेर खेळायला हव्यात. हंगामाचा हिशोब १७ घरी, २१ बाहेर. ते नको म्हणून दोन मॅचेस तिला घरी दिल्या, तर एकूण १९-१९ जमतं, पण दोन प्रतिस्पर्ध्यांना तिच्या दारात तिसऱ्यांदा जावं लागतं. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं.

हे टोकाचं उदाहरण आहे, मान्य. पण तुम्ही कसंही वेळापत्रक काढा, अशी उदाहरणं त्यात असणारच, कारण प्रत्येक टीमकडे पाच किंवा सहा 'दोनदा आलेले' असतातच. वरचे सहा कोण असतील याच्या ९२४ शक्यता आहेत. सगळ्यांना पुरून उरेल असं वेळापत्रक अस्तित्वातच नाही. तुमचा सर्व्हर कितीही मोठा असू दे.

मग लीग काय करते? आधीच्या हंगामांवरून अंदाज बांधते, की बहुधा हे सहा वर असतील आणि हे सहा खाली, आणि त्यानुसार पहिल्या ३३ मॅचेस लावते. अंदाज बरोबर आला की सगळं गोड. एखादा क्लब अपेक्षेपेक्षा भारी खेळला, किंवा एखादा नावाजलेला क्लब गडगडला, की कुणाला तरी १८ होम आणि कुणाला तरी २० होम. फटका त्यालाच बसेल असंही नाही, त्याच्या गटातल्या तिसऱ्यालाच बसू शकतो. थोडक्यात, सगळं मागच्यासारखंच घडलं तर न्याय मिळेल. आणि हे कुठल्या लीगमध्ये, तर जिथे १९८५ मध्ये ॲबरडीनने विजेतेपद घेतलं आणि त्यानंतर २०२५ पर्यंत चाळीस हंगाम फक्त सेल्टिक आणि रेंजर्स आलटून पालटून जिंकले!

"एका मॅचने काय होतंय?" असं म्हणणारे भेटतात. २००३ मध्ये रेंजर्स आणि सेल्टिक दोघांचे ९७-९७ गुण झाले आणि विजेतेपद एका गोलच्या फरकाने ठरलं. २००५ मध्ये एका गुणाने. आणि घरच्या मैदानाचा फायदा ही काही अंधश्रद्धा नव्हे. २०२० मध्ये जर्मनीतली लीग रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा यजमानांचे विजय लगेच घटले. आपल्याकडे २०२०-२१ चा आयएसएल अख्खा गोव्यात प्रेक्षकांविना झाला, तेव्हा 'होम टीम' हा शब्द कागदापुरताच उरला होता. मुंबई सिटी तिथे जिंकली, ते घरापासून लांब जिंकली.

(स्प्लिटचा आणखी एक विनोद म्हणजे खालच्या गटातल्या टीमला कितीही गुण मिळाले तरी सातव्या नंबरच्या वर जाता येत नाही. २००५-०६ मध्ये इन्व्हरनेस ५८ गुण घेऊन सातवी होती आणि हिबर्नियन ५६ गुणांवर चौथी. असो, तो वेगळा लेख आहे.)

बरं, उपाय नाही असंही नाही. ऑस्ट्रियाने २०१८-१९ मध्ये आणि डेन्मार्कने २०२०-२१ मध्ये १२ टीम्सचीच लीग स्वीकारली. त्यांनाही टेबल मधोमध तोडायचं होतं. फक्त त्यांनी ते २२ मॅचेसनंतर तोडलं, म्हणजे प्रत्येकाशी एक घरी, एक बाहेर झाल्यावर. मग गटातल्या पाचजणांशी पुन्हा एक घरी, एक बाहेर, दहा मॅचेस. एकूण ३२. १६ घरी, १६ बाहेर. ९२४ पैकी कुठलीही शक्यता खरी होऊ दे, हिशोब चोख. अंदाज नको, ॲडजस्टमेंट नको. माझ्या टीममधल्या फ्रेशरला दिलं तरी तो हे एका दुपारी लिहून देईल :)

यावर नेहमीचं उत्तर असं, की टीव्हीवाल्यांना वर्षाला चार सेल्टिक-रेंजर्स मॅचेस हव्या असतात, त्याशिवाय पैसा येत नाही. अहो, पण ३२ च्या पद्धतीतही त्या चार होतात! दोन आधी, दोन नंतर. स्प्लिट सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत हे दोघं लीगमध्ये असताना कधी वरच्या सहातून बाहेर पडलेले नाहीत. म्हणजे ही सबब टिकत नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि ती मला पटते. स्कॉटलंडमधले छोटे क्लब तिकीटविक्रीवर जगतात. ग्लासगोचे दोन क्लब आले की त्यांच्या पाठोपाठ त्यांचे चाहते येतात आणि स्टँड भरतो. आज खालच्या गटातल्या क्लबकडे सेल्टिक वर्षातून एकदा किंवा दोनदा येते. ३२ च्या पद्धतीत एकदाच येईल. शिवाय घरच्या मॅचेस १९ वरून १६ वर येतील. दोन मोठ्या क्लबना याने ओरखडाही उठणार नाही, पण लहान क्लबच्या अकाउंटंटची झोप उडेल. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होतो, त्यांनाच तो परवडतो, आणि न्याय परवडत नाही.

पण मग हे उघडपणे बोला ना. 'तीन गेट कमी झाले तर आम्ही मरू' हा प्रामाणिक मुद्दा आहे, आणि त्यावर टीव्हीच्या पैशातून भरपाई देण्यासारखे मार्ग निघू शकतात. शिवाय आजच्या पद्धतीत तरी गेट सारखे कुठे वाटले जातात? पहिल्या ३३ मॅचेसमध्ये सेल्टिक पाच-सहा क्लबकडे दोनदा जाते आणि बाकीच्यांकडे एकदा. कुणाला दोनदा, हेही त्याच अंदाजाच्या वेळापत्रकावर ठरतं. वाटणी आधीच चालू आहे, फक्त ती कुणी मत देऊन ठरवलेली नाही.

त्याऐवजी दर एप्रिलला वेळापत्रक हा जणू पाऊस आहे असं दाखवलं जातं, पडला तर पडला, कुणाचा इलाज नाही. फॉरमॅट क्लबच्या मतांनी ठरतो आणि बदलतोही क्लबच्याच मतांनी. मत द्यायचं नसेल तर निदान सीझन तिकिटाच्या मागे छापा: होम मॅचेस १९, अटी लागू.