सणात राजकारण नको, पण कुणाचं?

"सणासुदीला घरात राजकारण नको." हे वाक्य आमच्या घरात ईदला ऐकू येतं आणि खालच्या मजल्यावर दिवाळीत. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. वर्षातून चार वेळा सगळे एकत्र जमतात, तेव्हा जेवणाच्या दस्तरखानावर भांडण कशाला? तरीही या वाक्याबद्दल माझी तक्रार आहे. राजकारण यामुळे घराबाहेर राहत नाही. ते मोबाईलमधून आत येतं आणि घरातल्यांना फक्त उत्तर देण्याची बंदी राहते.

मी बुधवार पेठेत राहते आणि नोकरीसाठी हिंजवडीला जाते. आमच्या पेठेत बसून 'सण आणि राजकारण वेगळं' म्हणणं जरा गमतीचंच आहे. सण रस्त्यावर आणून त्याला राजकीय रूप देण्याचं काम जिथे झालं, त्यात या पेठा पहिल्या. १८९३च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली आणि पुढच्या वर्षापासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. त्याआधी पुण्यातले हिंदू मोठ्या संख्येने मोहरमच्या ताबुतांत सामील होत. १८९४मध्ये गणपतीच्या मेळ्यांतल्या पदांतून त्यांना सांगितलं जाऊ लागलं की ताबुतांपुढे नाचू नका, आपला सण आपल्याला आहे. पुढे याच उत्सवाने ब्रिटिशांविरुद्ध माणसं उभी केली, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच मांडवात घडल्या. गेल्या वर्षी, २०२५मध्ये, सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. सरकार, पक्ष आणि मंडळं सणात राजकारण करणार, आणि आपण घरात बसून मात्र विषय बदलायचा, अशी ही वाटणी आहे.

आमच्या बाजूलाही तेच. २०२३मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यात बहुतेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने २९ तारखेची सुट्टी दिली. २०२४ आणि २०२५मध्येही तारखा लागून आल्या आणि मुंबईत पुन्हा जुलूस पुढे गेला. मला हा निर्णय पटतो. विसर्जन मिरवणूक पुण्यात चोवीस तासांहून जास्त चालते, तेव्हा त्याच रस्त्यांवर दुसरी गर्दी आणणं शहाणपणाचं नाही. पण हा निर्णय झाला कुठे? कमिटीच्या बैठकीत, पुरुषांच्या. घरी तो आयता आला. माझ्या धाकट्या चुलतभावाने विचारलं, "दर वेळी आपणच का?" तर त्याला गप्प केलं गेलं. माझ्या अम्मीला तर वेगळंच म्हणायचं होतं: जुलूसच एवढा मोठा, एवढ्या भिंतींसारख्या स्पीकरचा कशाला हवा? २०२४मध्ये पुण्यातल्याच काही लोकांनी ईद-ए-मिलादच्या जुलूसातल्या डीजे आणि लेझरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. न्यायालय म्हणालं की गणेशोत्सवात जे अपायकारक आहे ते ईदलाही अपायकारकच आहे. अम्मी हे न्यायालयाच्या कितीतरी आधीपासून म्हणत होती, स्वयंपाकघरातून. तिला कुणी विचारलं नाही, कारण सणाच्या दिवसांत वाद नको होता.

म्हणजे या नियमाखाली गप्प कोण बसतं ते पाहा. घरातले वडीलधारे पुरुष आपलं मत सांगूनच टाकतात. त्याला कुणी राजकारण म्हणत नाही, 'समजावणं' म्हणतात. राजकारण ठरतं ते बायकांचं आणि पोरांचं.

आता २०२५ची दिवाळी. ऑक्टोबरमध्ये आमदार संग्राम जगताप यांनी सोलापुरात आवाहन केलं की दिवाळीची खरेदी फक्त हिंदूंच्या दुकानांतून करा. त्यांचे तेव्हाचे पक्षप्रमुख अजित पवार यांनी हे पक्षाला मान्य नसल्याचं सांगितलं. पण बातमी बंद झाली तरी निरोप फिरत राहतो. तो आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आला, कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून पुढे ढकललेला, खाली दोन हात जोडलेले. ग्रुपवर चौदा घरं आहेत, त्यातली दोन मुसलमानांची. कुणीही काही लिहिलं नाही. मीही नाही. अर्ध्या तासाने कुणीतरी पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं आणि तो निरोप वर सरकून गेला.

बुधवार पेठेत राहणाऱ्याला हा निरोप नुसता वाईट नाही, हास्यास्पदही वाटायला हवा. विजेच्या माळा लोक पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून घेतात. गणपतीच्या आणि दिवाळीच्या सजावटीसाठी रविवार पेठेत बोहरी आळीत जातात. एका आकाशकंदिलामागे कागद विकणारा, काड्या कापणारा, चिकटवणारा, हातगाडी ओढणारा असे किती हात असतात, आणि त्यांची जात-धर्म पावतीवर छापलेली नसते. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते, माझ्या कामातही एका बटणामागे पन्नास जणांनी लिहिलेला कोड असतो. तो धर्माप्रमाणे वेगळा काढायचं म्हटलं तर बटण चालणारच नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या काकू नेहमीप्रमाणे फराळ घेऊन आल्या. चकली, अनारसे, ओल्या नारळाच्या करंज्या. त्याच डब्यात ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो, रिकामा डबा परत द्यायचा नाही हा दोन्ही घरांचा नेम आहे. दारातच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या मेसेजकडे लक्ष देऊ नकोस गं." मला बरं वाटलं. मी म्हटलं, "काकू, हे तुम्ही ग्रुपवर लिहाल का?" त्या थोड्या गोंधळल्या. "सण होऊ दे, मग बघू."

काकूंचा मला राग नाही. पण याचा हिशेब काय होतो ते मांडलं पाहिजे. निरोप चौदा घरांत पोचला आणि त्याचं उत्तर एकाच दारात, कुजबुजत. ग्रुपवरच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांना दिसलं ते इतकंच, की असं काही आलं आणि कुणाची हरकत नव्हती.

त्याच आठवड्यात शनिवारवाड्याचं प्रकरण झालं. वाडा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. काही महिला तिथे नमाज पढत असल्याचा व्हिडिओ पसरला. १९ ऑक्टोबरला खासदार मेधा कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोमूत्र शिंपडून जागेचं 'शुद्धीकरण' झालं. पुरातत्त्व खात्याच्या तक्रारीवरून त्या अनोळखी महिलांविरुद्ध गुन्हा दाखल झाला. सत्ताधारी आघाडीतूनही या आंदोलनावर टीका झाली. संरक्षित स्मारकात कुणीच धार्मिक विधी करू नये, हा नियम मला मान्य आहे. नियम मोडला तर समज द्या, दंड घ्या. पण मग गोमूत्र शिंपडणं हा विधी नाही तर काय?

आमच्या घरात मात्र चर्चा इकडे गेलीच नाही. चाचा म्हणाले, "त्या बायकांना तिथे पढायची गरजच काय होती?" घरातल्या दोघा-तिघांनी मान हलवली. म्हणजे ज्या बायकांवर बाहेर गुन्हा दाखल झाला, त्यांच्यावर घरातही ठपका ठेवून आम्ही विषय मिटवत होतो. अम्मीने विचारलं, "बाजारात आलेल्या बाईने जुहरची नमाज कुठे पढायची? पेठांतल्या किती मशिदींत बायकांना जागा आहे?" कुणी उत्तर दिलं नाही. २०१९मध्ये पुण्याच्याच एका दांपत्याने महिलांच्या मशीद-प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. २०२०मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयाला सांगितलं की महिलांना मशिदीत यायला मनाई नाही. कागदावर मनाई नाही, आणि वजूखाना, दरवाजा, सफ सगळं पुरुषांसाठी. हे मी बोलले तेव्हा चाचा म्हणाले, "बेटा, मेहमान बसले आहेत, आत्ता नको."

मेहमान म्हणजे माझे ऑफिसातले दोन सहकारी होते, दोघेही हिंदू, दिवाळीच्या सुट्टीत सहज आलेले. त्यांच्यासमोर आपल्यातलं उघडं पडू नये, ही चाचांची काळजी. गंमत अशी, की त्यातला एक जण जाताना जिन्यात म्हणाला, त्याच्या गावच्या देवळात गाभाऱ्यात अजून बायका जात नाहीत, आणि घरात हा विषय काढला की त्याची आजी म्हणते, सणात नको.

मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी तुझ्या आजीला इकडे घेऊन ये. चाचांशी गाठ घालून देऊ.