रिचार्ज संपल्यावर

चिखली-मेहकरकडे सोयाबीनचा भाव पडला की घरखर्चातून आधी क्रीडावाहिन्यांचा पॅक जातो. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही द्यावे लागतात. आयपीएल मात्र त्यात नाही. २०२३ मध्ये मोबाइलवर फुकट दिसलेली ही स्पर्धा २०२५ पासून वर्गणी मागू लागली. अनेकांनी नाद सोडला, ते आम्हाला पटतं.

आमची खंत वेगळी आहे. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं. महिनोन्महिने पैसे भरून आपण तिरंदाजी कितीशी पाहिली? म्हणूनच या अंकात वाहिन्या सोडलेल्या प्रेक्षकांसोबत गावातली मैदानंही आहेत. तुम्ही आता खेळ कुठे पाहता, आम्हाला जरूर कळवा.