ऊन प्लॅस्टिक मोडेल, पण कोणते?

गच्चीवर दोन-तीन उन्हाळे पडून राहिलेली प्लॅस्टिकची बादली उचलली, की तिची कड बिस्किटासारखी तुटते. उन्हाने प्लॅस्टिक मोडते, हे आपण घरीच पाहिलेले असते. म्हणून ‘सूर्यप्रकाशाने प्लॅस्टिक संपवणारा शोध’ अशी बातमी चटकन पटते. या बातम्यांमागचे संशोधन खरे आहे आणि मोलाचेही आहे. मात्र ‘आता कचऱ्याचे शास्त्रज्ञच बघून घेतील’ हा आपण काढलेला अर्थ चुकीचा आहे.

आधी बादलीचे पाहू. प्लॅस्टिक म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन या साखळ्या जागोजागी तोडतात. बादलीचे तुकडे होतात, तुकड्यांची भुकटी होते; पण ती भुकटीही प्लॅस्टिकच असते. हेच सूक्ष्मप्लॅस्टिक माती-पाण्यात मिसळते. माणसाच्या रक्तात आणि गर्भवतीच्या वारेतही त्याचे कण सापडले आहेत. उन्हात लवकर तुटावे म्हणून रसायने मिसळलेल्या प्लॅस्टिकवर युरोपीय संघाने २०१९च्या कायद्याने बंदी घातली. डोळ्यांआड होणे म्हणजे नष्ट होणे नव्हे, हे त्यामागचे साधे कारण.

प्रकाश-उत्प्रेरकाचे काम याच्या पुढचे आहे. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखवले. पांढऱ्या रंगात वापरतात तोच हा पदार्थ. प्रकाश पडला की उत्प्रेरकातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो. रिकामी झालेली जागा शेजारच्या पदार्थातून इलेक्ट्रॉन ओढून घेते. शेजारी प्लॅस्टिक असेल तर त्याची साखळी तुटू लागते आणि उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही. अडचण अशी, की टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील प्रकाश लागतो आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात त्याचा वाटा जेमतेम पाच टक्के असतो. म्हणून साध्या उजेडात चालणाऱ्या उत्प्रेरकांचा शोध सुरू झाला.

२०१८ साली केंब्रिज विद्यापीठातील एर्विन राइसनर यांच्या गटाने कॅडमियम सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण वापरून प्लॅस्टिकपासून हायड्रोजन वायू मिळवला. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातील सू हान सेन यांच्या गटाने व्हॅनेडियमयुक्त उत्प्रेरकाच्या मदतीने पॉलिथिलीनपासून फॉर्मिक आम्ल तयार केले. कचऱ्यातून इंधन किंवा उपयोगी रसायन मिळणे ही मोठीच गोष्ट आहे.

आता या प्रयोगांच्या अटी बघा. केंब्रिजच्या प्रयोगात प्लॅस्टिक तीव्र कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवावे लागले. शिवाय कॅडमियम विषारी, त्यामुळे त्याच गटाला पुढे कार्बन नायट्राइडसारखा पर्याय शोधावा लागला. सिंगापूरच्या प्रयोगात प्लॅस्टिक द्रावकात मिसळून सुमारे ८५ अंशांपर्यंत तापवले आणि कृत्रिम उजेडात सहा दिवस ठेवले. दोन्ही प्रयोग प्रयोगशाळेतल्या छोट्या मापाचे होते.

सगळ्यात मोठी अट प्लॅस्टिकच्या जातीची. पाण्याची बाटली पेट प्लॅस्टिकची असते. तिच्या साखळीत ऑक्सिजन असलेले दुवे असतात आणि ते कॉस्टिक सोड्याने सुटतात. दुधाची पिशवी पॉलिथिलीनची. तिच्या साखळीत कार्बनला कार्बन घट्ट जोडलेला असतो, त्यामुळे बाटलीची रीत तिला लागू पडत नाही. वेफरच्या पाकिटात तर प्लॅस्टिकचे थर आणि वर धातूचा मुलामा. म्हणजे उत्प्रेरक कितीही हुशार असला तरी त्याच्यापुढे काय ठेवायचे, हे आधी कुणीतरी निवडून द्यावे लागते.

ही निवड कोण करते? पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार जाऊन ती करतात. इतर गावांत भंगारवाले आणि कचरा डेपोवर राबणारी माणसे करतात. बाटली, पिशवी आणि पाकीट यांतला फरक त्या हाताने चाचपून ओळखतात. उद्या सूर्यप्रकाशावर चालणारा कारखाना उभा राहिलाच, तर त्याचा कच्चा माल याच हातांतून येणार. त्या हातांना हातमोजे, वर्गीकरणासाठी शेड आणि रास्त मोबदला देणे हा या तंत्रज्ञानाच्या तयारीचाच भाग आहे. नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात तो तसा दिसायला हवा.

२०१५पर्यंत जगात सुमारे ६३० कोटी टन प्लॅस्टिक कचरा झाला होता आणि त्यातला जेमतेम नऊ टक्के पुनर्वापरात गेला, असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला. आपल्या राज्याने २०१८मध्ये आणि देशाने २०२२मध्ये एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आणली. भाजीच्या गाडीवर ती किती उरली, हे आपण रोज पाहतो. उत्प्रेरकाची वाट पाहत ही बंदी सैल सोडणे परवडणारे नाही. पाकिटे एकाच जातीच्या प्लॅस्टिकची करायला उत्पादकांना भाग पाडणे हे तर कायद्याचे काम आहे, त्यासाठी प्रयोगशाळेकडे पाहायची गरज नाही.

संशोधनाला पैसा मिळालाच पाहिजे. वाचक म्हणून आपण मात्र अशा बातमीला तीन प्रश्न विचारावेत: प्लॅस्टिक कोणते, ते किती ग्रॅम होते आणि शेवटी उरले काय? उत्तरे मिळेपर्यंत दुधाची पिशवी धुऊन सुक्या कचऱ्यात वेगळी ठेवावी. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडाही वेगळा पडू देऊ नये. एवढासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि उत्प्रेरकापर्यंतही पोहोचत नाही.